पंख आणि त्यांची किंमत

पंख असलेले, वारा-पाणी-अग्नी अशा एखाद्या निसर्गशक्तीवर हुकूमत चालवणारे जीव आणि त्यांचे स्वतंत्र जग ही अद्भुतकथेतील एक अतिशय लाडकी कल्पना आहे. शाळकरी मुलांच्या वहीच्या मागच्या पानापासून मोठ्या चित्रपटमालिकांपर्यंत ती सगळीकडे भेटते. एक वाऱ्याची परी, एक पाण्याची, एक फुलांची, एक अग्नीची. प्रत्येकीचा रंग ठरलेला, पंखांचा आकार ठरलेला. एवढे जुळले की जग तयार झाल्यासारखे वाटते, आणि बहुतेक वेळा ते तिथेच अडते. पुढे काय घडवावे हे सुचत नाही. दोष कल्पनाशक्तीचा नसतो. पंख आणि शक्ती यांचे वाटप झालेले असते, पण त्यांची किंमत कोणी आणि कशी मोजायची हे ठरलेले नसते. कथा जन्मते ती या हिशेबातून.

चार तत्त्वांचे चार जीव ही मांडणी पुष्कळ जुनी आहे. सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्सस याने अशा जीवांवर एक पुस्तिका लिहिली. तो 1541 मध्ये वारला आणि पुस्तिका 1566 मध्ये छापली गेली. पाण्यात निम्फ, हवेत सिल्फ, जमिनीच्या पोटात नोम आणि आगीत सॅलमँडर अशी त्याची विभागणी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याने या जीवांना नियम घालून दिले. आपण हवेतून जितक्या सहज चालतो, तितक्याच सहज नोम खडकातून चालतो, कारण खडक हीच त्याची हवा. हवेत राहणारा सिल्फ पाण्यात बुडतो, जमिनीत गुदमरतो, आगीत जळतो. शक्ती आणि मर्यादा ही एकाच वस्तूची दोन अंगे असल्याचे त्याने नेमके हेरले होते. आज लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळ कथांना मात्र हे साधत नाही.

पॅरासेल्ससच्या सिल्फांना पंख नव्हते. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने 1714 मध्ये आपल्या एका विनोदी दीर्घकाव्यात सिल्फांना कीटकांचे पंख दिले. 1798 मध्ये त्याच काव्याची चित्रे काढताना टॉमस स्टॉथर्डने ते फुलपाखराचे केले. पुढच्या शंभर वर्षांत हे चित्र लोकांच्या मनात इतके पक्के बसले की 1917 मध्ये इंग्लंडमधील कॉटिंग्ले गावच्या दोन मुलींनी पऱ्यांचे बनावट फोटो काढले, तेव्हा पुस्तकातील नाचणाऱ्या मुलींची चित्रे उतरवून त्यांना वर पंख जोडले. पंख नसलेली परी कोणी खरी मानली नसती. या फोटोंवर शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने विश्वास ठेवला आणि 1920 मध्ये त्यावर लेखही लिहिला. आकृत्या कागदातून कापलेल्या होत्या, हे त्या मुलींनी कबूल केले ते थेट 1983 मध्ये, म्हातारपणी.

याच काळात सिसिली मेरी बार्कर ही चित्रकार पऱ्यांकडे वेगळ्या बाजूने आली. 1923 पासून निघालेल्या तिच्या पुस्तकांत प्रत्येक फुलाची एक परी आहे, पण आधी फूल आणि मग परी असा क्रम आहे. पाकळ्या, देठ, पानांची मांडणी वनस्पतिशास्त्राला धरून असे. चेहऱ्यांसाठी बहिणीच्या बालवर्गातील मुले समोर बसवली जात. परीचा पोशाख त्या झाडाच्या पानाफुलांतून आलेला असल्यामुळे एका परीचे कपडे दुसरीला चढवता येत नाहीत. रंग बदलून दहा पऱ्या बनवणे आणि झाड ओळखून एक परी घडवणे यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

भारतीय परंपरेने उड्डाणाचा प्रश्न निराळ्याच तऱ्हेने सोडवला. गंधर्व, अप्सरा, विद्याधर हे सगळे आकाशगामी, पण त्यांना सहसा पंख नसतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत, पाचव्या शतकातील चित्रात, इंद्र परिवारासह ढगांतून जाताना दिसतो. गळ्यातल्या मोत्यांच्या माळा मागे झुकलेल्या आहेत, वस्त्रे आणि अलंकार वाऱ्यावर एका बाजूला गेले आहेत. वेग दाखवायला चित्रकाराला एवढे पुरले. पंख मिळाले ते अर्धपक्षी किन्नरांना आणि गरुडाला. गरुडाच्या पंखांबरोबर त्याची भूकही आली, हे महाभारताचे मोठे शहाणपण. आईला दास्यातून सोडवण्यासाठी अमृत आणायला निघालेला गरुड आधी खायला मागतो. एक प्रचंड हत्ती आणि एक प्रचंड कासव उचलून तो वडाच्या फांदीवर बसतो, फांदी मोडते, तिला वालखिल्य ऋषी उलटे लटकलेले असतात आणि त्यांना इजा होऊ नये म्हणून ती फांदी चोचीत धरून त्याला उडत राहावे लागते. बळ, वजन, भूक आणि जबाबदारी असे सगळे त्या एका प्रसंगात आहे. रामायणातील संपातीची गोष्टही याच जातीची. सूर्याकडे झेपावलेल्या धाकट्या जटायूवर त्याने पंखांची सावली धरली आणि स्वतःचे पंख जाळून घेतले.

मैत्रायणी संहिता या वैदिक ग्रंथातील एक कथा तर जगाची घडण कशी करावी याचा वस्तुपाठ ठरावी. पूर्वी पर्वतांना पंख होते. ते मनाला येईल तिथे उडत जाऊन बसत आणि त्यामुळे पृथ्वी डळमळीत राही. इंद्राने त्यांचे पंख छाटले आणि पर्वतांच्या भाराने पृथ्वी स्थिर केली. छाटलेले पंख ढग झाले, म्हणून ढग आजही डोंगराकडे धाव घेतात. सह्याद्रीवर जूनमध्ये ढग दाटलेले पाहणाऱ्याला हे स्पष्टीकरण शास्त्रीय वाटणार नाही, पण खोटेही वाटणार नाही. पंख असल्याचा परिणाम, ते गेल्याचा परिणाम आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा, तिन्ही एका कथेत बसले आहेत.

कल्पित जग टिकते कशावर, याचे उत्तर लेखक जे. आर. आर. टॉल्कीन याने मार्च 1939 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील व्याख्यानात दिले. लेखक एक दुय्यम जग उभारतो आणि त्यात शिरलेल्या वाचकाला तिथले नियम खरे वाटले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. हिरवा सूर्य असे दोन शब्द कोणीही उच्चारू शकतो. तो सूर्य जिथे स्वाभाविक वाटेल असे जग घडवणे हे खरे कष्टाचे काम. फुलांवर भिरभिरणाऱ्या चिमुकल्या पऱ्यांची त्याला लहानपणापासून नावड होती, हेही त्याने तिथे सांगून टाकले. बार्करची चित्रे पाहता ही नावड जरा सरसकट म्हणावी लागते, पण हिरव्या सूर्याचा मुद्दा वादातीत आहे.

पंखांच्या बाबतीत हे कष्ट शरीरापासून सुरू होतात. कोणत्याही आकृतीची लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. पंख हा पृष्ठभागाचा खेळ, म्हणून मोठ्या प्राण्याला उडणे झपाट्याने महाग पडते. आपल्याकडचा माळढोक जगातील सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांत मोडतो, तरी नराचे वजन 15 किलोच्या आसपासच थांबते. अर्जेंटिनात सुमारे 60 लाख वर्षांपूर्वी होऊन गेलेला अर्जेंटाविस माणसाएवढा, म्हणजे 70 किलोच्या घरात होता, पण पंखांचा पसारा सहा-सात मीटर आणि उडण्याची रीत मुख्यतः तरंगण्याची. जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने 1926 मधील एका निबंधात देवदूताचा हिशेब मांडला होता. गरुडाच्या किंवा कबुतराच्या स्नायूंइतकीच ताकद धरली, तर देवदूताची छाती सुमारे चार फूट पुढे यायला हवी आणि वजन वाचवण्यासाठी पायांच्या काड्या व्हायला हव्यात. 

यातून सुटायचे मार्ग आहेत, आणि प्रत्येक मार्ग वेगळ्या जगाकडे नेतो. गुरुत्वाकर्षण कमी आणि हवा दाट ठेवता येते. शनीचा चंद्र टायटन नेमका असा आहे. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतके आणि हवा आपल्याहून कितीतरी दाट, त्यामुळे पंख बांधलेला माणूस स्वतःच्या बळावर उडू शकेल. दुसरा मार्ग आकार लहान करण्याचा. माणूस एक दशांश उंचीचा केला तर वजन एक सहस्रांश होते. 60 किलोच्या व्यक्तीची 17 सेंटिमीटरची, 60 ग्रॅमची परी होते. ती उडेल, पण लहान शरीर उष्णता भराभर गमावते. हमिंगबर्ड दिवसभर मधुरस पीत राहतो आणि काही जाती रात्री शरीराचे तापमान उतरवून जवळजवळ बधिर होऊन पडतात. अशा परीला उपास सोसणार नाही, थंडीत लांबचा प्रवास झेपणार नाही आणि रात्री तिला कोणीही उचलून नेईल. तिसरा मार्ग जादूचा. तो निषिद्ध नाही, फक्त जादूने नेमके काय उचलून धरले आहे हे लेखकाला ठाऊक असावे लागते.

पंख कोणत्या जातीचे, यावरही पुष्कळ काही ठरते. पक्षी, वटवाघळे आणि जुन्या काळचे टेरोसॉर या सगळ्यांचे पंख म्हणजे पुढचे पायच. हात शाबूत ठेवून पाठीला पंख लावले की सहा अवयवांचा प्राणी होतो. मग त्या जगातील इतर प्राण्यांनाही सहा अवयव का नाहीत, हा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतो. हातच पंख असतील तर भांडी, हत्यारे, लिहिणे सगळे पायांनी किंवा चोचीने. पिसांचा पंख झडतो आणि पुन्हा येतो. बदके आणि हंस उडण्याची पिसे एकदम टाकतात आणि काही आठवडे जमिनीला खिळून राहतात. फुलपाखराचा फाटलेला पंख मात्र पुन्हा भरून येत नाही, आणि अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. पिसे झडण्याचे ते आठवडे हेच युद्धाचे आठवडे ठरतील, किंवा कडक शांतता पाळण्याचे. एका वाक्याच्या शरीररचनेतून असा अख्खा सण किंवा अख्खे युद्ध निघते.

निसर्गशक्तीचे गणित याहून अवघड. 'ती पाऊस पाडते' हे वाक्य लिहायला सोपे. एक चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर, म्हणजे एक साधी सर पडली तरी ते एक कोटी लिटर पाणी असते. एवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे 70 लाख युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. हे सगळे एका परीच्या बोटांतून येत असेल तर तिला अशक्य असे काही उरत नाही, आणि जिला काहीच अशक्य नाही तिची गोष्ट सांगायला कारणही उरत नाही. म्हणून शक्ती निर्मितीची ठेवण्यापेक्षा वळवण्याची ठेवलेली बरी. कृत्रिम पावसाच्या प्रयोगांतही असेच असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात असे प्रयोग केले. त्यांत आधीच आलेल्या योग्य ढगात क्षारकण सोडले जातात. ढगच नसतील तर विमान घिरट्या घालून परत येते.

वळवण्याच्या शक्तीतून लगेच राजकारण उभे राहते, कारण एकीकडे वळवलेले दुसरीकडे कमी पडते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शंभरएक किलोमीटरवरच्या माण-खटावात जेमतेम पाचशे. समजा घाटमाथ्यावर ढगांना कलाटणी देणारे पंखधारी राहतात आणि पठारावरचे लोक त्यांच्याकडे दरवर्षी पाणी मागायला येतात. नजराणा काय द्यायचा? एखाद्या वर्षी ढग पूर्वेकडे ढकलले तर कोकणातील भाताचे काय? ढकलणाऱ्याची पिसे त्या कामात झडत असतील तर त्याने कुणासाठी किती वेळा झिजायचे? खलनायक आणण्याची गरजही पडत नाही. प्रत्येकाची बाजू खरी असते आणि पाणी एकच असते.

असे जग उभे करताना इंग्रजी पुस्तकांतील वसंत, ग्रीष्म, पानगळ आणि हिमवर्षाव यांच्या चार राण्या जशाच्या तशा उचलण्याचे कारण नाही. सह्याद्रीतील कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, डोंगरउतार जांभळे करते आणि बी धरून मरते. त्या हंगामात मधमाश्यांची झुंबड उडते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात. आता कारवीशी बांधलेली एक पंखधारी जमात कल्पावी. तिच्यात जन्म फक्त फुलोऱ्याच्या वर्षी होतात, म्हणजे गावातील सगळी मुले एका वयाची आणि त्यांच्या आधीची पिढी आठ वर्षांनी मोठी. कोणी फुलोरा चुकवला तर पुढची संधी आठ वर्षांनी. घर बांधायचे तर मेलेल्या झाडाच्या काठ्यांनी, म्हणजे पूर्वजांच्या अस्थींनीच. अशा जमातीचा लग्नविधी, शोक, शिव्या आणि म्हणी आपोआप सुचू लागतात, आणि त्या इतर कोणत्याही परीकथेत बसणार नाहीत. गावच्या डोहाशी नाते सांगणाऱ्या साती आसरांमध्ये हीच स्थाननिष्ठा आहे. त्यांची सत्ता त्या पाण्यापुरती. त्यांना पृथ्वीभरच्या पाण्याची मालकी कुणी दिली नाही आणि म्हणूनच त्यांचा धाक खरा वाटतो.

समाजाची घडण हा यापुढचा टप्पा. पोल अँडरसन या अमेरिकी लेखकाने 1973 च्या कादंबरीत इथ्री ग्रहावरचे पंखधारी रंगवले. ते शिकार करून मांस खातात, उडायला ऊर्जा फार लागते, म्हणून प्रत्येक कुटुंबाला मोठा शिकारीचा मुलूख हवा. परिणामी माणसांसारखी गजबजलेली शहरे नाहीत आणि राज्यसत्ताही विरळ. सगळे भुकेतून निघाले आहे. लेखिका उर्सुला ले ग्विनने 2003 च्या संग्रहातील कथेत उलटी वाट धरली. तिथे हजारांत एखाद्यालाच तारुण्यात पंख फुटतात आणि ते उडताना कधीही दगा देऊ शकतात. त्यामुळे बरेच पंखवाले आयुष्यभर जमिनीवरच राहणे पसंत करतात. डिस्नीच्या 2008 च्या टिंकर बेल चित्रपटातही पाणी, प्रकाश, बाग, प्राणी अशा शक्ती वाटलेल्या आहेत, पण नायिकेच्या वाट्याला आले आहे भांडीकुंडी दुरुस्त करण्याचे काम आणि ते तिला नको आहे. चित्रपट चालतो तो या नावडीवर. 2012 च्या नंतरच्या एका भागात उबदार प्रदेशातील परीचे पंख हिवाळी जंगलात गोठतात, आणि दोन बहिणींची भेट त्या एका नियमामुळे अवघड होते.

घरे, कपडे, खाणे यांची यादी यानंतर करावी, आधी नव्हे. उडणाऱ्यांच्या घराला दार छताकडे असेल, जिना नसेल. मग अजून न उडणारी मुले आणि आता न उडू शकणारे म्हातारे घरात कसे येतात, हा प्रश्न घराच्या वर्णनापेक्षा मोलाचा. गिधाडे सकाळी उन्हाने हवा तापून वर चढू लागेपर्यंत बसून राहतात, तशी जड पंखांची जमात दुपारपर्यंत जमिनीवरच असेल आणि तिच्यावर हल्ला पहाटे होईल. नावे आणि शब्दही जगण्यातून यावेत. कोकणातील दर्यावर्दी लोकांना खारे वारे आणि मतलई वारे वेगळे ओळखावे लागतात, कारण त्यावर होडी चालते. उडणाऱ्यांना वाऱ्याचे पंचवीस प्रकार ठाऊक असले तर नवल नाही.

एवढे ठरवल्यावर त्यातले बरेचसे पानावर येऊ नये. वाचकाला नियम सांगायचा तो मोडण्याची वेळ येण्यापूर्वी, आणि शक्यतो एखाद्या अपघातातून. ओले पंख घेऊन उडू पाहणारे मूल पडले की पुढचा सगळा पावसाळा वाचक धास्तावून वाचतो. नकाशा, वंशावळ आणि शब्दकोश लेखकाच्या वहीत असावेत. पहिल्याच प्रकरणात सृष्टीचा दहा हजार वर्षांचा इतिहास सांगणारी हस्तलिखिते थोडी नसतात, आणि ती सहसा पहिल्याच प्रकरणात बाजूला ठेवली जातात.

शेवटी मालकीचा व्यवहार. परी, गरुड, किन्नर, सिल्फ किंवा पाण्यावर सत्ता असलेला पंखधारी ही कल्पना, यांतले काहीही कुणाच्या मालकीचे नाही. भारतीय कायद्यात हक्क मिळतो तो मांडणीला: प्रत्यक्ष लिहिलेल्या मजकुराला आणि काढलेल्या चित्राला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहून झाले की हक्क सुरू होतो. टिंकर बेलचा मूळ जनक जे. एम. बॅरी 1937 मध्ये वारला, त्यामुळे त्याचे 1904 चे नाटक भारतात आता सर्वांना खुले आहे. त्या नाटकात टिंकर बेलची भूमिका कोणी नटी करत नव्हती. आरशातून पाडलेला प्रकाशाचा एक कवडसा आणि घंटीचा आवाज एवढेच तिचे रूप होते. तो कवडसा आज कुणीही वापरू शकतो. डिस्नीने नंतर चितारलेली हिरव्या झग्यातली टिंकर बेल मात्र नाही.